एर्न्स्ट बारलाखची शिल्पं पाहायला ग्युस्त्रोला जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये बर्लिनला जाणं होतंय. तिथून एक दिवस काढून उत्तर जर्मनीतल्या ग्युस्त्रोला जायची फार इच्छा आहे. शिल्पकार एर्न्स्ट बारलाख (१८७०–१९३८) तिथेच राहिला. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये तिथल्या कॅथेड्रलसाठी त्याने ब्राँझचा तरंगता देवदूत घडवला. डोळे मिटलेले, हात छातीवर, सगळं वजन साखळीवर. चेहरा जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलवित्झसारखा! नाझींनी १९३७ मध्ये तो उतरवला, पुढे वितळवला. पण मित्रांनी गुपचूप दुसरी प्रत ओतून लपवून ठेवली. ती आज कोलोनच्या चर्चमध्ये आहे आणि तिच्यावरूनच ग्युस्त्रोचा देवदूत पुन्हा घडला.

कोणी गेलंय का? कॅथेड्रल, गर्ट्रूड चॅपलमधली बारलाखची लाकडी शिल्पं आणि त्याचा तळ्याकाठचा स्टुडिओ एका दिवसात नीट होतील का? स्टुडिओपर्यंत बस आहे का? आई सोबत आहे, तिला फार चालवत नाही. मी स्वतः लाकूड कोरते, त्यामुळे त्याच्या पटाशीच्या खुणा अगदी जवळून बघायच्यात. तिथे बसून पेन्सिलने स्केच करू देतात का? वेळ कमी पडला तर चॅपल सोडू की स्टुडिओ?