अपघाताचा धसका घेतलेल्या एस.टी. चालकासाठी योग्य थेरपिस्ट कसा शोधावा?

कृष्णाकाठची

माझा थोरला भाऊ एकोणीस वर्षे एस.टी.मध्ये चालक आहे. गेल्या पावसाळ्यात घाटातल्या वळणावर समोरून घसरत आलेली दुचाकी त्याच्या गाडीखाली आली आणि दुचाकीवरचा तरुण जागीच गेला. चौकशीत दादाचा दोष नसल्याचे स्पष्ट झाले आणि तो पुन्हा कामावरही रुजू झाला. मात्र साधारण दोन महिन्यांनी त्याची झोप उडाली. एअर ब्रेकचा 'फुस्स' असा आवाज झाला की तो घरात बसल्या जागी दचकतो, त्या घाटाचे नाव निघाले की उठून जातो, आणि झोपेत त्याचा उजवा पाय गादीवर इतक्या जोराने दाबला जातो की वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे चादर नेमकी त्याच जागी विरली आहे. पुतण्या वीस वर्षांचा आहे. त्याने दुचाकीचा विषय काढल्यापासून दादा त्याच्याशी बोलत नाही.

घरच्यांनी आधी उतारा टाकला, नंतर ओळखीच्या डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या आणल्या. शेवटी आम्ही तालुक्याच्या गावी एका समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सगळा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावला आणि चाळीस मिनिटे संपल्यावर, "तुमची चूक नव्हती ना, मग विसरून जा," असे सांगून निरोप दिला. त्यानंतर तीन रात्री दादाचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आता तो कोणाकडेही यायला तयार नाही. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो आणि दादाला इंग्रजी येत नाही. या कामातला खरा जाणकार कोण, हे त्याच्या दारात जाण्यापूर्वी कसे ओळखावे?

मनोवेध

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. न भेटलेल्या माणसाचे निदान मी येथे करणार नाही. तरीही घटना पुन्हा पुन्हा अंगावर येणे, तिची आठवण टाळणे, सतत सावध राहणे, स्वतःविषयी किंवा जगाविषयी मन काळवंडणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे पी.टी.एस.डी.ची तपासणी करून घ्यावी. ही लक्षणे उशिरा दिसू लागणेही नवे नाही.

आधी पाट्यांचा घोळ सोडवू. सायकिॲट्रिस्ट हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधे लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही, पण त्याचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावे लागते आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. 'समुपदेशक' या शब्दाचे मात्र तसे नाही. त्याच्या आड उत्तम शिकलेली माणसेही असतात आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम उरकलेलीही असतात. पाटीपेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: "आघातावरच्या कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण तुम्ही घेतले आहे, आणि ते कोणाच्या देखरेखीखाली?" या प्रश्नाने जो रागावतो, त्याला तेथेच नमस्कार करावा.

उत्तरात ज्या पद्धतींची नावे यावीत अशी अपेक्षा आहे, त्या मोजक्याच आहेत. आघातकेंद्री सी.बी.टी. (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी), प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना आणि जागांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (घटनेमुळे मनात बसलेल्या समजुती तपासणे) आणि ई.एम.डी.आर. (प्रसंग आठवताना डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारी पद्धत) यांना भक्कम संशोधनाचा आधार आहे. उपचारांविषयी सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री सी.बी.टी.साठी साधारण ८ ते १२ सत्रे धरलेली आहेत. त्यामुळे "दोन बैठकांत मोकळे करतो" असे म्हणणारा जितका संशयास्पद, तितकाच "किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही" असे पहिल्याच दिवशी म्हणणाराही संशयास्पद समजावा. लहानपणापासून वर्षानुवर्षे सोसलेल्या अत्याचाराची गोष्ट वेगळी असते आणि तेथे वेळ अधिक लागतो.

तुमच्या बंधूंच्या बाबतीत नेमके काय बिघडले, हे समजून घ्यावे. प्रसंग सांगायला लावणे ही चूक नव्हती. यांतल्या बऱ्याच उपचारांत तो कधी ना कधी सांगावा लागतो, आणि प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये तर तो वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतात, ध्वनिमुद्रित करतात आणि घरी ऐकतात. मात्र तसे का करायचे हे त्यांना समजावले नाही, त्यांची तयारी आहे का हे विचारले नाही, सांगून झाल्यावर सावरायला वेळ दिला नाही आणि पुढची भेटही ठरवली नाही. जखम उघडून मलमपट्टी न करता माणसाला घरी पाठवण्यातला हा प्रकार झाला. चांगला थेरपिस्ट आधी झोप, घर, व्यसन आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांची चौकशी करतो, मग उपचाराचा आराखडा मांडतो आणि संमती घेतो. पुढे पायऱ्याही तो रुग्णासोबतच ठरवतो. एखाद्या चालकासाठी पहिली पायरी आगाराच्या फाटकाशी उभे राहण्याची असेल, नंतर बंद गाडीत बसण्याची, नंतर प्रवासी म्हणून जवळच्या गावापर्यंत जाण्याची. घाट अगदी शेवटी.

औषधांबद्दल एकच सांगतो. सर्ट्रालीनसारख्या औषधांचा या विकारात उपयोग होतो, पण अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम गटातल्या गोळ्या हा त्यावरचा उपचार नव्हे. त्यांची सवय लागते आणि झापडही येते, आणि बंधू स्टिअरिंगवर बसतात. तरीही त्या एकदम बंद करू नयेत. सायकिॲट्रिस्टच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्यात.

वाशिष्ठीकाठ

२२ जुलै २०२१ च्या पुरात मी चिपळूणमधल्या माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर रात्र काढली. पाणी ओसरले, दुकान पुन्हा उभे राहिले, परंतु ओल्या गोणपाटाचा वास आला की माझे हात गार पडत आणि पाऊस सुरू झाला की मी रात्रभर पायरीवर बॅटरी घेऊन बसत असे. दीड वर्ष मी हे कोणाला सांगितले नाही, कारण आमच्या आळीत ज्यांचे सर्वस्व गेले तेही कामाला लागले होते.

पहिल्या थेरपिस्ट शिकलेल्या होत्या, स्वभावानेही चांगल्या होत्या. पण त्यांचे बोलणे निम्मे इंग्रजीत चाले. मला काय होते ते सांगायला मी शब्द शोधत असे, त्या लगेच एखादा इंग्रजी शब्द पुढे करत आणि मी मान हलवून मोकळा होत असे. सहा भेटींनंतर माझ्या लक्षात आले की मी त्यांच्याच शब्दांना होकार देतो आहे, स्वतःचे काहीच सांगत नाही. दुसऱ्या थेरपिस्टनी ऑनलाइन उपचार केले. त्यांनी मला "त्या वेळी पोटात नेमके काय होते?" असे विचारले आणि "काळीज लकाकते" या माझ्या शब्दाला हात लावला नाही, पुढे चार महिने आम्ही दोघे तोच शब्द वापरत होतो. म्हणून भाषेची अट दुय्यम मानू नका. फोनवर पाच मिनिटे बोललात तरी कळते.

आणखी एक अनुभव सांगतो. या दुसऱ्या बाईंकडे चौथ्या-पाचव्या भेटीच्या सुमारास मला अधिक त्रास होऊ लागला आणि मी सोडून देणार होतो. तसे होऊ शकते, याची कल्पना बाईंनी मला आधीच दिली होती, म्हणून मी टिकलो.

कृष्णाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. दादाची खरी अडचण आता बाहेर आली आहे. मानसोपचार घेतल्याचे आगारात कळले तर गाडी काढून घेतील, अशी त्याला भीती वाटते. शिवाय दर आठवड्याला पुण्याला जाण्याचा आणि फीचा खर्च आम्हाला झेपणारा नाही.

निवृत्त वाहतूक नियंत्रक

ताई, मी खिडकीच्या आत बसून तीस वर्षे अशी माणसे पाहिली आहेत. अपघातानंतर चालकाला कोणी "जेवलास का" असेही विचारत नाही. आधी फक्त पंचनामा, मग जबाब. तो चहाच्या टपरीवर हसताना दिसला की सगळे म्हणतात, सावरला. त्यामुळे तुमच्या बंधूंची भीती मला खोटी वाटत नाही, पण कायदा त्यांच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत वरिष्ठांची उत्सुकता बसत नाही. समजा काही काळ चाक सोडावे लागले, तरी सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, अशी तरतूद दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० मध्ये आहे. तेवढी वेळ येईल असे मला वाटत नाही. मात्र डॉक्टरांना व्यवसाय अवश्य सांगा. गोळीची झापड असताना गाडी बाहेर काढणे हे प्रवाशांच्या दृष्टीनेही योग्य नाही.

खर्चाबाबत सांगायचे, तर पहिला फोन १४४१६ या क्रमांकावर करा. ही केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. तेथे आठ-दहा सत्रांचा सखोल उपचार होईल असे समजू नका, पण जवळ कोठे जावे हे ते सांगतात, आणि रात्री दोन वाजता वहिनींना आधार लागला तर तो फोन उचलला जातो. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग निदानासाठी आणि औषधांसाठी पुरेसा आहे. थेरपी पुण्याच्या किंवा ठाण्याच्या माणसाकडून ऑनलाइन घेतली, तर भाडे वाचेल. विमा असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे लागते. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, म्हणून बाह्यरुग्ण खर्चाचे कलम आधी वाचून घ्या.

मनोवेध

वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. ऑनलाइन सत्रासाठी दार बंद होईल अशी खोली आणि सत्रानंतर अर्धा तास मोकळा हवा. लगेच ड्यूटी नको. आणि दुचाकीवरून मुलाशी धरलेला अबोला थेरपिस्टला जरूर सांगा, कारण तो रागाचा नसून भीतीचा असण्याची शक्यता अधिक आहे.

कृष्णाकाठची

कळवायचे राहिले होते. मी तिघांना फोन केले. एकांनी प्रशिक्षणाचा प्रश्न विचारताच फोन ठेवला, दुसऱ्यांकडे तीन महिने जागा नाही. तिसऱ्या बाईंनी नोंदणी क्रमांक न मागता दिला आणि दादाशी थेट बोलण्याची इच्छा दाखवली. पहिल्या दोन भेटींत अपघाताविषयी तपशिलाने विचारणार नाही, असे त्यांनी त्याला फोनवर सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने वेळ विचारली. येत्या गुरुवारी दुपारी, त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, पहिले सत्र ठरले आहे. पुतण्याने स्वतःचा मोबाइल आणि खोली देऊ केली आहे.