पाळीआधीची चिडचिड आईकडून आली असेल का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
पाळीच्या आठवडाभर आधी मला विनाकारण रडू येते, छाती जड होते आणि कोणी साधे 'जेवलीस का' विचारले तरी टोचते; पाळी आली की दोन दिवसांत सारे निवळते. आईचेही असेच होत असे, असे मावशी सांगते. सख्ख्या धाकट्या बहिणीला मात्र यातले काहीच होत नाही. एकाच घरात, एकाच तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या दोघींत हा फरक कसा?

उत्तर १:
सख्ख्या बहिणींची जनुके सरासरी निम्मीच जुळतात, म्हणून फरक पडणे नवलाचे नाही. संशोधक केंडलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून असे मांडले की, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या लक्षणांत बायकाबायकांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ५६ टक्के आनुवंशिक असतो आणि एका घरात वाढल्याचा प्रभाव त्यात आढळत नाही. याचा अर्थ तुमचे ५६ टक्के रडू आईचे, असा मात्र नव्हे! त्याच वर्षी श्मिट यांच्या गटाने औषधाने अंडाशयाचे काम थांबवून नंतर संप्रेरके (हार्मोन्स) पुन्हा दिली, तेव्हा ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांनाच तो परत झाला. म्हणजे वारशाने येत असावी ती संप्रेरकांच्या चढउतारांबाबतची मेंदूची संवेदनशीलता. संप्रेरके जास्त असतात, हा समज सोडावा.

उत्तर २:
ताई, वरील जुळ्यांच्या अभ्यासात लक्षणे आठवून सांगितलेली होती, आणि आठवण फसवी असते. धूम्रपान, बालपणीचे आघात आणि सततचा ताण यांचाही या त्रासाशी संबंध दिसतो. तेव्हा आधी दोन पाळीचक्रे रोजच्या रोज नोंद ठेवा. त्रास महिनाभर असेल तर कारण वेगळे असू शकते. पाळीआधीच असेल आणि कामे अडत असतील, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. यावर औषधे आहेत, काही तर पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरतीच घेता येतात.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्यांसाठी आई फुली मारते, त्याच चौकोनात मी कालपासून लाल पेनाने शून्य ते तीन असे आकडे लिहू लागले आहे. काल दोन लिहिला. 'दूध दोन लिटर कधी घेतलं?' म्हणून आईने विचारले, आणि मग पहिल्यांदाच आम्ही दोघी या विषयावर बोललो.