मदत हवी आहे: एकच पायथन प्रोग्रॅम डेबियन, अल्पाइन आणि फ्रीबीएसडीवर, पॅकेजं कुठून घ्यायची?

सीएसव्ही वाचून अहवाल तयार करणारा एक प्रोग्रॅम तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवायचा आहे: डेबियन १२, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या, बंदिस्त जागेत चालवणारं साधन) पायथन ३.१२ ची अधिकृत अल्पाइन इमेज, आणि फ्रीबीएसडी १४ (रॅम २ जीबी). पॅकेजं चारच: पांडाज, पिलो, क्रिप्टोग्राफी, पायवायएएमएल.

डेबियनवर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' म्हणजे 'इथली पॅकेजं सिस्टम सांभाळते' म्हणून हात वर करतो. अल्पाइनमध्ये एपीकेने (तिथलं पॅकेज बसवणारं साधन) पांडाज व्यवस्थित बसतं, पण इम्पोर्ट केलं की 'नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. फ्रीबीएसडीवर पिप नमपाय (पांडाजला लागणारं पॅकेज) कंपाइल करायला घेतो आणि मेमरी संपून कंपायलर 'किल्ड'. पिपचा तो नकार मोडून काढणारा 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय वापरायचा नाही.

प्रतिसाद १
डेबियनचं सोपं आहे. ॲप्टने (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) पायथन३-व्हेन्व टाका (ते वेगळं पॅकेज आहे, नाहीतर 'एन्शुअरपिप' नाही म्हणून अडेल), व्हेन्व (सिस्टमपासून वेगळी ठेवलेली पायथनची जागा) बनवा आणि चारही पॅकेजं त्यातल्या पिपने घ्या. ॲप्टचं पांडाज घेऊ नका. १२ मध्ये ते १.५.३ आहे. डेटाफ्रेमचं 'अपेंड' २.० मध्ये काढून टाकलंय, म्हणजे एकच ओळ इथे चालणार आणि तिकडे पडणार.

ॲप्टमध्ये नाव शोधायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा: डेबियन इम्पोर्टच्या नावावरून पॅकेजचं नाव ठेवतं. म्हणून पिलो तिथे 'पायथन३-पिल' आहे, फेडोरात 'पायथन३-पिलो', आर्चमध्ये 'पायथन-पिलो', अल्पाइनमध्ये 'पाय३-पिलो'.

प्रतिसाद २
अल्पाइनच्या त्या इमेजमध्ये आता दोन पायथन आहेत. इमेजचा /यूएसआर/लोकल/बिन मध्ये, आणि एपीकेने ओढून आणलेला /यूएसआर/बिन मध्ये. पांडाज दुसऱ्याला मिळालं, तुम्ही चालवताय पहिला. 'व्हिच -ए पायथन३' करून बघा, दोन्ही दिसतील.

एकतर साधी अल्पाइन इमेज घेऊन सगळं एपीकेने टाका, नाहीतर हीच इमेज ठेवून सगळं पिपने. सरमिसळ नको. पिपने जाताना पॅकेजची जुनी आवृत्ती पिन करू नका, म्हणजे ठरावीक म्हणून बांधू नका: अल्पाइनची सी लायब्ररी मसल आहे, त्यामुळे जीलिबसीसाठी (डेबियनसारख्यांची सी लायब्ररी) बांधलेली मेनीलिनक्स व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) तिथे चालत नाहीत, मसललिनक्स लागतात. ती जुन्या आवृत्त्यांना नाहीत. मग पिप सोर्स उतरवतो आणि जीसीसी हा कंपायलर मागत बसतो.

प्रतिसाद ३
फ्रीबीएसडीसाठी पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं घेतो तो साठा) तयार व्हील नसतातच. शुद्ध पायथनची 'नन-एनी' व्हील तेवढी चालतात. सी किंवा रस्टचा अंश असलेलं सगळं (क्रिप्टोग्राफीला तर रस्ट कंपायलर हवा) फ्रीबीएसडीच्या पीकेजीने घ्या:

पीकेजी इन्स्टॉल पाय३११-पांडाज पाय३११-पिलो पाय३११-क्रिप्टोग्राफी पाय३११-पायवायएएमएल

मग व्हेन्व बनवताना '--सिस्टम-साइट-पॅकेजेस' द्या, म्हणजे पीकेजीची पॅकेजं आत दिसतील, आणि शुद्ध पायथनचं काही उरलं तर ते त्यात पिपने. इथे खरी मेख रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत (पिपला दिलेली पॅकेजांची यादी) आहे. तिथे पांडाजला '==' लावून नेमकी आवृत्ती लिहिली असेल आणि पीकेजीची जरा वेगळी निघाली, की पिप पुन्हा कंपाइल करायला बसणार. '>=' लिहा. वर '--ओन्ली-बायनरी :ऑल:' द्या, म्हणजे अर्धा तास सीपीयू तापवण्याऐवजी पहिल्याच मिनिटाला नकार मिळेल.

पीकेजीत आवृत्ती जुनी वाटली तर तुम्ही 'क्वार्टरली' (तिमाही) शाखेवर असाल. मूळ फाइल न छेडता /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीकेजी/रेपोज मध्ये वेगळी फाइल करून 'लेटेस्ट' लावता येतं.

प्रश्नकर्ता
तिन्हीकडे चाललं, आभार. फ्रीबीएसडीवर आता '_एसक्यूलाइट३' मॉड्यूल नाही म्हणतोय. ते तर पायथनबरोबरच येतं ना?

प्रतिसाद ३
इतरत्र येतं. फ्रीबीएसडीने ते वेगळं काढलंय: पाय३११-एसक्यूलाइट३. टीकेइंटरचंही तसंच. आणि नावातला ३११ म्हणजे पायथन ३.११, जो २०२४ मध्ये तिथला डीफॉल्ट झाला. आधी पाय३९ होतं. तो आकडा बदलला की व्हेन्व दुरुस्त करत बसू नका, पुसून नव्याने बनवा.