नैराश्य आलं तर समुपदेशकाकडे जायचं, की घरच्यांशी बोलून भागतं?

नीरजा_ठाणे:
आतेभावाने दिवाळीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की तो नैराश्यासाठी समुपदेशकाकडे जातो. मग काय, फराळासोबत सल्ल्यांचं ताट! पहाटे ऊठ, रामरक्षा म्हण, लग्न कर. माझं मत विचाराल तर, उदासी दोन आठवडे हटत नसेल आणि झोप, भूक, काम बिघडत असेल तर तज्ज्ञाकडे जावं. घरच्यांची माया खरी असते, पण मायेपोटी माणूस सल्ले देतो. त्याने आजारी माणूस आणखी गप्प होतो. तुम्हाला काय वाटतं?

बंडोपंत_सातारकर:
तासाला दीड हजार घेऊन ऐकून घेणारा माणूस! आमच्याकडे हे काम पारावर चहाच्या पैशांत होतं. वारीला चालणाऱ्यांना विचारा मन कसं हलकं होतं ते. आणि मूळ प्रश्न वेगळाच आहे. त्या पोराला साहेब बारा तास राबवत असणार. साहेब तसाच राहणार आणि थेरपी पोराने घ्यायची? कंपन्या आधी पिळतात, मग 'वेलनेस'चा ईमेल पाठवतात.

नीरजा_ठाणे:
साहेबाचं अगदी बरोबर ओळखलंत. पण पारावर 'मला जगावंसं वाटत नाही' असं कोण म्हणतं हो? दुसऱ्या दिवशी गावभर होईल.

मांडवीकाठ:
बंडोपंत, तुमचं अर्धं म्हणणं आमच्या गोव्यात तपासून झालंय. 'संगाथ' ही इथली संस्था. त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ बैठका दिल्या. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: बाजार, शेजार, अंघोळसुद्धा. सोडल्यामुळे आणखी खचतो. म्हणून बैठकीत उपदेश नाही. आठवड्यात कोणती एक-दोन कामं करायची ते रुग्णाबरोबर ठरवायचं, कशाने बरं वाटलं ते लिहायचं, काय आडवं आलं ते पुढच्या वेळी बघायचं. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता.

बंडोपंत_सातारकर:
मग मी तेच तर म्हणतोय! पदवीवाला कशाला, आपल्यातलाच माणूस बरा.

मांडवीकाठ:
आपल्यातलाच, पण शिकवलेला. त्यांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून सहकारी गुण द्यायचे. तुमच्या पारावर कुणाचे गुण काढता?

दुधाने_पोळलेला:
नीरजाताई 'तज्ज्ञ' म्हणतात, पण तज्ज्ञ ओळखायचा कसा? समुपदेशकाची पाटी आपल्याकडे थोड्या दिवसांचा कोर्स करूनही लावता येते. मी ज्यांच्याकडे गेलो त्या बाई पूर्वजन्मावर आल्या. वर पुढच्या बैठकांचे पैसे आगाऊ घेतलेले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती बेधडक मागावी. माझ्या मते तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. तो थायरॉइड, बी-१२ तपासून घेतो. ते बिघडलेलं असेल तर नुसतं बोलून काय होणार?

शुभा_म:
मनोविकारतज्ज्ञ म्हणजे गोळ्या. गोळ्यांची सवय लागते. नकोच ते.

दुधाने_पोळलेला:
नैराश्यावर नेहमी देतात त्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखं व्यसन लावत नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतात आणि नेमका तिथेच लोकांचा धीर सुटतो. स्वतःच्या मनाने एकदम बंद केल्या की चक्कर, घाबरं होणं असा त्रास होतो. लोक त्यालाच सवय समजतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.

यवतमाळी:
तुमची सगळी चर्चा ठाणे-पुण्याची आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, नैराश्यासारखे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. आमच्याकडे माणूस आधी देवऋषीकडे जातो, मग जमलं तर जिल्हा रुग्णालयात. त्यात एक दिवसाची मजुरी बुडते. २०२२पासून 'टेलि-मानस' ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. चांगलंच आहे. पण दोन खोल्यांच्या घरात सासू समोर बसलेली असताना सुनेने फोनवर काय बोलायचं? गोव्यासारखी शिकवलेली माणसं आमच्या उपकेंद्रात बसवा, मग बोलू.

शुभा_म:
विम्यातून मिळतात ना पैसे? २०१७चा कायदा आहे म्हणे.

दुधाने_पोळलेला:
मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायचा, असं कायदा म्हणतो. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशनासाठी दाखल कोण होतं?

बंडोपंत_सातारकर:
बघा, फिरून खिशावरच आलं. आणि माझ्या साहेबाच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही.

नीरजा_ठाणे:
घालते. समुपदेशक साहेब बदलू शकत नाही, कबूल. पण सहा महिन्यांपूर्वी भाऊ अंथरुणातून उठत नव्हता. तेव्हा साहेबाशी भांडणार कोण होतं? थोडा सावरल्यावर त्याने स्वतःहून दुसऱ्या शाखेत बदली मागितली.

बंडोपंत_सातारकर:
मिळाली?

नीरजा_ठाणे:
अर्ज साहेबाच्याच टेबलावर पडून आहे.

बंडोपंत_सातारकर:
मग त्याला म्हणावं, साहेबाच्या वरच्या साहेबाला लेखी दे आणि पोच घे. याचे मी पैसे घेत नाही.