स्वॅब टेस्टला जाताना धुऊन जायचं की नाही? (आणि बाकीचे बावळट प्रश्न)

कोथिंबीर_वडी
दीड महिना झाला अंगावरून पांढरं जातंय, आधी दुर्लक्ष केलं, मग खाज सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या उष्णता आहे सब्जा घे, घेतला, फरक शून्य. मेडिकलमधून क्रीम आणलं, चार दिवस बरं वाटलं की परत तेच. शेवटी काल डॉक्टर बाईंकडे गेले तर त्यांनी एचव्हीएस (हाय व्हजायनल स्वॅब, योनीच्या आतल्या भागातून काडीने घेतलेला नमुना) लिहून दिलीय, शनिवारी आतून स्वॅब घेणार म्हणे. ओपीडीत इतकी गर्दी की तोंडातून प्रश्नच निघाला नाही. तर उपाशी जायचं का? पाळी रविवारी येईलसं वाटतंय, चालेल? क्रीम अजून चालू आहे, रोज रात्री लावते. आणि मुख्य म्हणजे जाताना इंटिमेट वॉशने नीट स्वच्छ करून जाणार होते, असं घाणेरडं कसं जायचं डॉक्टरसमोर. दुखतं का हेही सांगा प्लीज.

काचपट्टी
अगं थांब, ते वॉश आधी बाजूला ठेव. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये 11 वर्षं आहे आणि आपल्या बायका सगळ्यात जास्त हीच चूक करतात, लग्नाला निघाल्यासारखं धुऊन येतात. जे बघायचंय तेच धुऊन टाकलं तर मी काचेवर काय बघू? बाहेरून साध्या पाण्याने आंघोळ कर, आत पाण्याचा फवारा, वॉश, डेटॉल, काही नाही. दोन दिवस आधीपासून संबंध नकोत, टॅम्पॉन नको, आत ठेवायची गोळी नको. याला कारण आहे, आतला पीएच साधारण 3.8 ते 4.5 म्हणजे आंबट असतो आणि बीव्ही (बॅक्टेरियल व्हजायनोसिस, आतल्या जंतूंचा तोल बिघडणं) किंवा ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा एक सूक्ष्म परजीवी) असेल तर तो बहुतेक वेळा 4.5 च्या वर जातो, पण रक्त आणि वीर्य दोन्ही तो वर नेतात, मग आकडा कशामुळे वाढला ते कळणार कसं. म्हणून ऐन पाळीतही शक्यतो नको. उपाशी वगैरे अजिबात नाही, पोहे खाऊन जा.

क्रीमचं मात्र दोन दिवसांवर भागेलच असं नाही. बुरशीवरचं औषध अंगात असताना कल्चर (लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) केलं तर बुरशी असूनही उगवत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह आणि खाज चालूच. क्लिनिकला फोन करून क्रीमचं नाव आणि किती दिवस लावलंय ते सांग, त्या बहुतेक तारीख पुढे ढकलतील. अँटिबायोटिक घेतलं असशील तर तेही सांग. प्रेग्नंट असायची शक्यता असेल तर तेही.

उन्हाळी_वांगं
दुखत नाही गं, अवघडल्यासारखं होतं एवढंच. स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून लावायचं साधन) लावतात, कापसाची काडी फिरवतात, मिनिटभरात मोकळी. पाय घट्ट आवळले की जास्त लागतं, आधी लघवीला जाऊन ये.
माझं वेगळंच झालं होतं. रिपोर्टमध्ये कँडिडा (म्हणजे बुरशी) ग्रोथ, पस सेल्स (पू-पेशी), ग्रॅम पॉझिटिव्ह अमुक तमुक, मी रात्रभर गूगल करून रडले. सकाळी डॉक्टर म्हणाल्या काहीही त्रास नसलेल्या बायकांमध्येही कँडिडा थोडा सापडतोच, लक्षणं असतील तरच औषध. तो लैंगिक आजार धरत नाहीत, त्यामुळे नवऱ्याला सहसा औषध लागत नाही. ट्रायकोमोनास निघाला तर मात्र दोघांनी एकदम घ्यायचं, नाहीतर परत येतो.

काचपट्टी
बरोबर. आणि ट्रायकोमोनासचं सांगते, तो जिवंत पोहताना दिसला तर लगेच ओळखू येतो, सॅम्पल तासभर पडून राहिलं किंवा कोणी शहाण्याने फ्रीजमध्ये टाकलं की गपगार, मग पस सेलमध्ये मिसळून जातो. म्हणून लांबच्या कलेक्शन सेंटरपेक्षा जिथे लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात तिथे दिलेलं बरं. तरीही स्लाइडवर बऱ्याच केसेस निसटतात, शंका राहिली तर पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करतात, महाग पडते. बीव्हीला तर कल्चर लागतच नाही, ग्रॅम स्टेनवर (स्लाइडला रंग देऊन जंतू बघतात त्यावर) 0 ते 10 मार्क देतात, 7 आणि वर म्हणजे बीव्ही. आमच्याकडे जास्त मार्क मिळाले की नापास 😄 स्लाइडचं त्याच दिवशी कळू शकतं, कल्चरला दोन-तीन दिवस धर.

नुसतीच_वाचते
माझं लग्न झालेलं नाही, मलाही हाच त्रास आहे पण ते स्पेक्युलम ऐकून जातच नाहीये. काही दुसरा मार्ग आहे का?

उन्हाळी_वांगं
अगं जा बिनधास्त. आधीच सांगायचं की संबंध आलेले नाहीत, मग स्पेक्युलम न लावता नुसत्या बारीक काडीने खालूनच घेतात. काही ठिकाणी काडी तुझ्याच हातात देतात, बाथरूममध्ये जाऊन स्वतः घेऊन यायचं. आईला काय सांगायचं ते मात्र तू बघ.

दुपारची_झोप
दोन गोष्टी. वरचेवर होत असेल तर शुगर तपासून घ्या, माझ्या वहिनीचा डायबेटिस असाच सापडला. दुसरं, खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजार आणि असल्या इन्फेक्शनसाठीचं) असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट. लक्षणं बघून तिथे हिरवं किट देतात, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं, टेस्टसाठी अडून राहत नाहीत. आणि पॅप स्मिअर झालीय म्हणून ही नको असं कोणी करू नका, ती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी असते, वेगळी.

कोथिंबीर_वडी
फोन केला. क्रीम आजपासून बंद करा म्हणाल्या, शनिवार रद्द, पाळी संपल्यावर पुढच्या आठवड्यात या, तोवर खाज फारच वाढली तर आधी या. वॉशची बाटली नवऱ्याने शाम्पू समजून वापरली, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.