प्रेअरीवरचं होमस्टेड: ढेपांची भिंत आणि घरातल्यांची कामं, प्रदर्शनात काय दाखवावं?

वैनगंगा
नमस्कार मंडळी. नागपूरला आमच्या शाळेतली नववीची मुलं 1870-80च्या काळातल्या, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या होमस्टेडर कुटुंबावर, म्हणजे प्रेअरीवर (सपाट गवताळ प्रदेशात) सरकारी जमीन कसायला घेऊन वसलेल्या कुटुंबावर प्रदर्शन करणार आहेत. मैदानाच्या कोपऱ्यात गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांची भिंत उभी करायची आहे, निम्म्या मापाची: 6 फूट लांब, 3 फूट उंच, 1 फूट जाड. ढेपा किती लागतील, त्या कुठून आणि कधी काढाव्या? नर्सरीतलं लॉन चालेल का? दुसरं, घरात कोण काय काम करायचं, हे फलकांवर नेमकं यावं असं वाटतं. बहुतेक ठिकाणी "सरकारने 160 एकर फुकट दिले" यापुढे माहिती जातच नाही.

बरडावरचा
ताई, आधी मूळ माप. तिकडे खास नांगराने गवताळ जमिनीची 1 फूट रुंद आणि साधारण 4 इंच जाड पट्टी उलटवायचे. मग कुदळीने तिचे दोन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे. 16 बाय 20 फुटांच्या घराला अर्धा एकर तरी जमीन सोलली जायची, आणि पूर्ण घराचं वजन 90 टनांच्या घरात जायचं.

तुमच्या निम्म्या मापात ढेप येते 12 इंच लांब, 6 इंच रुंद, 2 इंच जाड. एका थरात 12 ढेपा, असे 18 थर, म्हणजे 216. तुटफूट धरून 250 काढा. त्यासाठी सव्वाशे चौरस फूट गवत लागेल. ओल्या मातीचा घनफूट 45-50 किलो धरला तर भिंत आठ-नऊशे किलोंची होते. तेव्हा गच्चीवर किंवा स्टेजवर अजिबात नको. खाली सपाट मुरूम ठोकून घ्या.

लॉन चालणार नाही. त्याची माती जेमतेम इंचभर असते आणि मुळं खोल गेलेली नसतात, उचलली की ढेप हातातच सुटते. ढेपेला ताकद मातीची नसते, मुळांच्या जाळ्याची असते. तिकडे बफेलो ग्रास, ब्लूस्टेम ही गवतं शेकडो वर्षं न नांगरलेल्या जमिनीत मुरलेली होती. आपल्याकडे त्याला जवळचं म्हणजे धुऱ्यावरची जुनी हरळी. पण काळ्या मातीतली नको. ती वाळली की आकसते, आणि आठवड्यात भिंतीला बोटभर भेगा पडतील. बरड, मुरमाड जमिनीवरची हरळी घ्या, शेतमालकाला विचारून. जुलैत दोन-तीन दमदार पाऊस झाले की एक दिवस उघाड बघून काढा. कोरडी ढेप भुरभुरते, चिखल झालेली ओघळते.

काढल्या दिवशीच रचायच्या. गवताची बाजू खाली. दोन ढेपा शेजारी-शेजारी लांबीत, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दर तिसरा थर आडवा, म्हणजे ढेपेची लांबी भिंतीच्या जाडीत. हा आडवा थर विसरलात तर आतली आणि बाहेरची रांग वेगळी होऊन भिंत मधून फाकते. फटींत सुटी माती ठासा. शेवटी धारदार कुदळीने आतली बाजू तासून सरळ करा, तिकडेही तसंच करायचे.

धंतोलीकर
कुटुंबाबद्दल लिहितो, कारण "फुकट जमीन" या दोन शब्दांनी फार घोळ केला आहे.

होमस्टेड कायद्यावर लिंकनची सही 20 मे 1862ची, अंमल 1 जानेवारी 1863पासून. कुटुंबप्रमुख असाल किंवा वयाची 21 वर्षं पूर्ण असतील, आणि अमेरिकेचे नागरिक असाल किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवला असेल, तर अर्ज करता यायचा. सगळी सरकारी फी मिळून 18 डॉलर. सहा महिन्यांत जागेवर राहायला जायचं, पाच वर्षं राहून कसायची, आणि मग दोन साक्षीदारांसह पुरावा द्यायचा. तेव्हा कुठे पट्टा हातात. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिन्यांच्या रहिवासानंतर एकरी सव्वा डॉलर भरूनही जमीन नावावर करता यायची.

आता यातली खरी अट बघा. सलग सहा महिन्यांहून जास्त जागा सोडली तर हक्क जायचा. पहिली दोन वर्षं शेत पोटापुरतंही देत नसे, म्हणून बाप्या माणूस रोख पैशासाठी रेल्वेच्या कामावर किंवा दुसऱ्याच्या कापणीला जायचा. दावा जिवंत ठेवायची ती मागे राहिलेली बायको आणि पोरं. विवाहित बाईला नवऱ्यासोबत राहत असताना स्वतःच्या नावावर अर्ज करता येत नसे. एकटी, विधवा किंवा स्वतः कुटुंबप्रमुख असलेली बाई मात्र करू शके. नवरा मधेच मेला तर विधवेला उरलेली मुदत पुरी करून पट्टा मिळवता यायचा. तुमच्या मुख्य फलकावर हे यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

कामं म्हणाल तर: विहीर होईपर्यंत ओढ्यावरून पिंपाने पाणी आणणं. झाडं नाहीत, म्हणून सरपणाला बायसनच्या, पुढे गुरांच्या रानगोवऱ्या, पिळून घट्ट केलेलं वाळलं गवत, मक्याची बुरकुंडं. गवताचे पीळ भराभर जळतात, त्यामुळे थंडीत एक जण चुलीपाशीच अडकलेला असायचा. लोणी आणि अंडी दुकानात देऊन कॉफी, साखर, कापड आणायचं. कित्येक घरांत वर्षभराचा भरवशाचा व्यवहार एवढाच. कुंपण नव्हतं, तेव्हा आठ-दहा वर्षांची पोरं दिवसभर गुरं राखायची. शाळा भरायची ती कामं कमी असताना. 12 जानेवारी 1888ला सकाळ उबदार होती, मग अचानक हिमवादळ आलं आणि शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं वाटेत गोठून गेली.

आणखी एक. जमीन रिकामी पडलेली नव्हती. होमस्टेडचा पहिला मानला जाणारा दावा डॅनियल फ्रीमनचा, नेब्रास्कातल्या बीट्रिस गावाजवळचा. तो भाग ओटो-मिझुरिया या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून 1854च्या करारात घेतलेला होता. पॉनी या दुसऱ्या मूळ जमातीला तर 1870च्या दशकात नेब्रास्का सोडून दक्षिणेला जावं लागलं. नकाशात ही नावं दाखवा.

वैनगंगा
दोघांचेही मनापासून आभार. रहिवासाची अट आणि बाईचं मागे राहणं, याचा संबंध लक्षातच आला नव्हता. मुलांना पहिल्या वर्षाचं शेतीचं कॅलेंडरही लावायचं आहे. बैलाने नांगरून लगेच गहू पेरायचे का?

पऱ्हाटी
नाही, पहिल्या वर्षी गहू नाही. कुमारी जमीन एप्रिलअखेर ते जून या दरम्यान उलटवायची, आणि तीही दोन-तीन इंचच. गवत जोमात वाढत असताना पातळ पापुद्रा पालथा केला की मुळं उन्हात मरतात आणि थर कुजतो. खोल नांगरलं किंवा जुलै उलटल्यावर नांगरलं तर गवत मरतच नाही, वर्ष वाया. बैलांच्या नांगराला दिवसाकाठी एक-दीड एकर होई. त्या उलटलेल्या थरात कुऱ्हाडीने किंवा कुदळीने चीर पाडून मक्याचे दाणे टाकायचे, पायाने दाबायचे, बस. डवरणी नाही, निंदण नाही. पीक तुटपुंजं, बरंचसं गुरांना. शरद ऋतूत तीच जमीन आणखी इंच-दोन इंच खोल घेऊन परत नांगरायची आणि पुढच्या वसंतात गहू.

कॅलेंडरवर 1874 हे साल वेगळं दाखवा. त्या उन्हाळ्यात रॉकी माउंटन टोळांनी मका, भाजीपाला, घामाने खारवलेले लाकडी दांडेसुद्धा कुरतडले. गहू आधी पिकतो म्हणून काही ठिकाणी कापून झाला होता, मका उभा होता तो गेला. अमेरिकेच्या संसदेने पीडितांना हक्क न गमावता जागा सोडून जायची मुभा दिली. 2020च्या मे महिन्यात काटोल-नरखेडात टोळधाड आली होती, तेव्हाचे फोटो शेजारी लावले तर मुलांना प्रमाण कळेल. मात्र जात वेगळी हे लिहा. आपल्याकडे वाळवंटी टोळ आले होते, तिकडची ती जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नामशेष झाली.

बरडावरचा
ताई, भिंतीत खिडकी ठेवणार असाल तर एक राहिलं होतं. चौकट आधी उभी करून भोवती ढेपा रचतात, आणि चौकटीच्या बाजूंना भोकं पाडून लाकडी खुंट्या ढेपांत ठोकतात. वर जाड फळी टाकायची, पण ती चौकटीवर टेकवायची नाही. मूळ घरात मधे काही इंच जागा सोडून चिंध्या किंवा गवत कोंबायचे. भिंत वाळताना बसते. जागा नसेल तर सगळा भार चौकटीवर येऊन काच तडकते. तुमच्या तीन फुटी भिंतीला दीड-दोन इंच पुरे.

छप्पर करू नका. तिथेही सगळ्यात जास्त घरं छपरानेच बसायची: मधला वासा बारीक, त्यावर विलोच्या फांद्या, गवत आणि ढेपा. पावसाने ढेपा पाणी पीत आणि वासा मोडे. पाऊस थांबला तरी छत पुढे दोन दिवस गळत राही, म्हणून आतून मलमलीचं कापड ताणायचे. ते कापड नुसतं बांबूच्या चौकटीवर लावून दाखवता येईल. भिंतीवर रात्री ताडपत्री टाका, पण सकाळी काढा, नाहीतर आत कोंडून बुरशी धरेल. आणि रचल्यावर पहिले चार दिवस मुलांना तिच्यावर टेकू देऊ नका.