हेडफोनची केबल बदलल्याने आवाज खरोखर बदलतो का?

फोंडेकर:
गेल्या महिन्यात मी माझ्या सेनहायझर एचडी ६०० या हेडफोनसाठी ४.४ मिमी प्लगची, चांदीच्या तारांची केबल घेतली. तेव्हापासून तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा, झंकारता नाद) अधिक मोकळी वाटते आणि गायिका केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत (आपल्या गोव्यातल्या केरीच्या म्हणून मी ती रोज ऐकतो) सुरांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, अधिक वेळ टिकल्यासारखी भासते. हा निव्वळ मनाचा खेळ आहे असे म्हणणे मला पटत नाही.

म्हापसेकर:
आपल्या ऐकण्याबद्दल मला शंका नाही, कारणाबद्दल मात्र आहे. चांदीचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जेमतेम ५ ते ६ टक्क्यांनी कमी असतो. दीड मीटरच्या साध्या केबलचा जाऊन-येऊन रोध अर्ध्या ओहमच्या आसपास भरतो आणि आपला हेडफोन ३०० ओहमचा आहे. म्हणजे संपूर्ण केबलमुळे होणारी घटच डेसिबलच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी, मग तांबे आणि चांदी यांतला फरक कानाला कसा कळणार? उलट ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जोडणीतून (हिच्यात प्रत्येक कानाच्या दोन्ही तारा एकमेकींच्या उलट चालवल्या जातात) अनेक अॅम्प्लिफायर दुप्पट व्होल्टेज देतात, म्हणजे ६ डेसिबल जास्त. आपण आवाज कमी केला असेलच, पण कानाने जुळवलेली पातळी अर्ध्या डेसिबलने चुकली तरी मोठा आवाज आपल्याला ‘अधिक मोकळा’ वाटतो.

मडगावकर:
म्हापसेकरांचा हिशेब ३०० ओहमला लागू आहे, पण तो सगळीकडे लावू नये. अनेक आर्मेचरच्या (म्हणजे एकाच कानात अनेक छोटे ध्वनिचालक असलेल्या) इयरफोनचा रोध एखाद्या कंप्रतेला ५ ओहमपर्यंत उतरतो आणि दुसरीकडे ४० पर्यंत चढतो. तिथे केबलच्या अर्ध्या ओहमने या दोन ठिकाणांतला तोल सुमारे पाऊण डेसिबलने ढळतो, आणि तो ऐकू येऊ शकतो. शिवाय आपल्याकडची खारी, दमट हवा विसरून कसे चालेल? दोन पावसाळ्यांनंतर माझ्या हेडफोनची डावी बाजू दबकी झाली होती. नवी केबल लावताच ती सुधारली, म्हणून मी आनंदात होतो. पुढे जुन्याच केबलच्या काळवंडलेल्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, तर तीही तितकीच चांगली वाजू लागली.

फोंडेकर:
जुन्या केबलच्या पिना मी कधीच पुसलेल्या नाहीत, हे कबूल करतो. तरीही माझा अनुभव मी एवढ्यावर सोडणार नाही.

म्हापसेकर:
सोडू नका, तपासून पाहा. पिना पुसा, दोन्ही केबलींची पातळी मल्टिमीटरने ०.१ डेसिबलपर्यंत जुळवा आणि कोणती केबल लावली आहे हे न पाहता १६ वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्केच आहे; तेवढी आली, तर माझे मत मी इथेच मागे घेईन.

फोंडेकर:
मान्य आहे. येत्या रविवारी दोघेही फोंड्याला या. मल्टिमीटर तुम्ही आणा, मात्र ऐकायचा तंबोऱ्याचा तुकडा मी निवडीन.